अठरा पूर्ण, म्हणून बाहेर?

"अठरा वर्षं सरकारनं सांभाळलं, खाऊ घातलं, शिकवलं. हातपाय धड आहेत. आता कमवावं आणि खावं." बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी काही मागायला गेलं की हे वाक्य हमखास समोर येतं. वाशिमच्या कचेरीत येतं, रिसोड-मालेगावला रस्त्याकडेला चहा पिताना येतं, दरवर्षी बालगृहात फळं आणि वह्या वाटणाऱ्या भल्या माणसांच्या तोंडूनही येतं. बोलणारे दुष्ट नसतात. त्यांतल्या बहुतेकांनी स्वतः हलाखीत दिवस काढलेले असतात आणि त्या आठवणीतूनच ते बोलतात. म्हणूनच हे मत इतकी वर्षं टिकून आहे, आणि म्हणूनच मला त्याची चीड येते. कारण त्याची किंमत बोलणाऱ्याला मोजावी लागत नाही. कपड्यांची पिशवी आणि शाळेचे दाखले घेऊन बालगृहाच्या फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या पोराला ती मोजावी लागते, पोरीला मोजावी लागते.

हे मत पूर्ण मांडलं तर असं आहे. बालगृहं अज्ञान मुलांसाठी असतात. अठरा पूर्ण झाली की मूल सज्ञान होतं, मतदान करतं, मग त्याला सरकारी आसरा कशाला? गरीब शेतकऱ्याचं पोरही बारावी होताच पुण्याची ट्रॅव्हल्स पकडतं, त्याला दरमहा पैसे कोण देतं? मदत चालू ठेवली तर ही मुलं आयतं खायला शिकतील. मुलींचं म्हणाल तर चांगलं स्थळ पाहून लग्न लावून द्यावं. इतकं करूनही कुणी उरलंच, तर अनाथांना एक टक्का आरक्षण आहे, फी माफ आहे, आणि आपल्या विदर्भात देवमाणसं चालवतात अशा संस्था आहेत.

यातलं एकही म्हणणं तपासणीत टिकत नाही.

आधी एक गोष्ट स्वच्छ करू. अठरानंतरचा आधार ही आम्ही कुणी नव्यानं काढलेली सवलत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये ती आहे. सरकारी भाषेत तिला अनुरक्षण म्हणतात. अठरा ते एकवीस या वयात, संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांना पैशाची आणि इतर मदत देण्याची तरतूद या कायद्यात आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनी ती उलगडून सांगितली: सहा ते आठ जणांच्या गटाला राहायला तात्पुरतं घर, प्रशिक्षण चालू असताना विद्यावेतन, शिकणाऱ्याला नोकरी लागेपर्यंत शिष्यवृत्ती, समुपदेशक, स्वतःचा धंदा सुरू करायचा असेल तर कर्जासाठी मदत. अपवादात्मक परिस्थितीत ही मुदत तेविसाव्या वर्षापर्यंत वाढवता येते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा चार हजार रुपये ठरलेले आहेत. मूल संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा बाल कल्याण समितीपुढे ठेवावा, असंही नियम सांगतो. एवढं सगळं कागदावर असताना "आता कमवावं आणि खावं" म्हणणारा माणूस आपण व्यवहाराचं बोलतोय असं समजतो. प्रत्यक्षात तो कायद्याच्या विरोधात बोलत असतो.

कायद्यात खोट आहे, ती वेगळीच. अधिनियमाच्या ४६ व्या कलमानं ही मदत देता येईल एवढंच म्हटलं, ती दिलीच पाहिजे असं बंधन घातलं नाही. वरच्या मताला त्या फटीतूनच आत शिरायला वाव मिळतो. संसदेनं ही फट बुजवायला हवी. पण तोवर जिल्ह्याचे हात कुणी बांधलेले नाहीत.

आता "सरकारनं सांभाळलं" हे जणू उपकार केल्यासारखं सांगितलं जातं, त्याबद्दल. बाल कल्याण समिती लेखी आदेश काढते आणि मूल बालगृहात दाखल होतं. त्या दिवसापासून ते कुठल्या गावात राहणार, कुठल्या शाळेत जाणार, नातेवाइकांना कधी भेटणार, हे सगळं शासन ठरवतं. मुलानं अर्ज केलेला नसतो. शासन स्वतः पुढे होऊन त्याच्या आईबापांची जागा घेतं. ती जागा घेतली की आईबापांची जबाबदारीही अंगावर येते, आणि आपल्या समाजात ती अठराव्या वाढदिवसाला संपत नाही. कायद्यातही संपत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या २० व्या कलमाप्रमाणे अविवाहित मुलीला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर ती सज्ञान झाल्यावरही बापानं तिला पोसायचं असतं. बापानं टाळाटाळ केली तर न्यायालय त्याला पैसे भरायला लावतं. मग जे शासन मालेगावच्या कोरडवाहू बापाला ही जबाबदारी टाळू देत नाही, त्याच शासनानं स्वतः सांभाळलेल्या मुलीच्या बाबतीत ती कोणत्या तोंडानं झटकायची? मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत संसार करायला लहान आहे, असं आपला विवाहाचा कायदा मानतो. बायको सांभाळायला जो लहान आहे, तो अठराव्या वर्षी अनोळखी शहरात एकट्यानं स्वतःला सांभाळायला मोठा कसा झाला?

या प्रश्नाचं खरं उत्तर सरकारला ठाऊक आहे. २०२१ मध्ये त्यानं ते जाहीरपणे दिलं. कोरोनात आईवडील गमावलेल्या मुलांसाठी पीएम केअर्समधून योजना आली, तेव्हा अठराव्या वर्षी प्रत्येक मुलाच्या नावे दहा लाखांचा निधी उभा राहील, अठरा ते तेवीस या वयात त्यातून दरमहा विद्यावेतन मिळेल आणि तेवीस पूर्ण झाल्यावर सगळी रक्कम हाती येईल, अशी तिची रचना ठरली. ही रचना शहाणपणाची होती. पोरकं मूल अठराव्या वर्षी उभं राहत नाही, त्याला आणखी पाच वर्षं लागतात, हे तिनं मान्य केलं. मग बाकीच्या पोरक्या मुलांचं काय? वाशिम हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. शेतकऱ्यांच्या आत्महत्या इथल्या घराघरांना माहीत आहेत. ज्याचे आईबाप कोरोनानं गेले त्याला तेविशीपर्यंत आधार, आणि ज्याच्या बापानं सोयाबीन मातीमोल झाल्यावर फवारणीचं औषध प्यायलं आणि पाठोपाठ आईही गेली, त्याला अठराव्या वर्षी फाटक उघडं, हा न्याय कुठला? दोघांच्या रिकाम्या घरात फरक काय आहे?

आता शेतकऱ्याच्या पोराशी केलेली तुलना. आमच्या जिल्ह्यात हा सगळ्यांत जोरदार युक्तिवाद समजला जातो, कारण त्यात खरी वेदना आहे. मानोऱ्याच्या तांड्यावरचं, मंगरुळपीरच्या खेड्यातलं पोर खरोखरच पोटासाठी पुण्याला जातं, चाकणला किंवा रांजणगावला ठेकेदाराच्या हाताखाली उभं राहतं. त्याचे हाल होतात. त्याला सरकारनं मदत करायला हवी, यात वाद नाही. पण ते पोर ट्रॅव्हल्समध्ये बसतं तेव्हा त्याच्याबरोबर काय काय असतं, ते एकदा मोजून पाहा.

चाकणला गावातला कुणीतरी आधीच गेलेला असतो. त्याच्या खोलीत हा पाचवा म्हणून पथारी टाकतो आणि पहिल्या महिन्याचं भाडं त्याच्याकडे कुणी मागत नाही. सोबत गव्हाचं पोतं असतं, घरची तुरीची डाळ असते, आईनं केलेलं तिखट असतं. कुठल्या ठेकेदाराकडे जायचं नाही, हे त्याला चुलत्यानं आधीच बजावलेलं असतं. पगार बुडाला की फोन घरी जातो. टायफॉइड झाला की रात्रीच्या गाडीनं तो गावी परततो, दोन महिने ओसरीवर पडून राहतो, आणि बरा झाल्यावर पुन्हा जातो. पोळ्याला, दिवाळीला त्याची कुणीतरी वाट पाहत असतं. त्याच्याकडे रेशनकार्ड असतं, त्यावर पत्ता असतो. जातीच्या दाखल्यासाठी बापाची, आजोबाची नोंद कुठेतरी असते. घरमालकानं "वडील काय करतात?" विचारलं तर "शेती" हे उत्तर असतं. या पोराला गरिबी आहे, पण त्याला हरून परत येता येतं. पहिली नोकरी सुटली, दुसऱ्या ठिकाणी फसवलं गेलं, एक वर्ष वाया गेलं, तरी त्याच्या आयुष्याचा निकाल लागत नाही.

बालगृहातून निघालेल्याला ही मुभा नाही. तो पहिल्याच महिन्यात चुकला तर सरळ रस्त्यावर येतो. आणि तो चुकणार, कारण न चुकण्याची कुठलीही तयारी त्याच्याकडून करून घेतलेली नसते. त्याचं सारं बालपण घंटेवर चाललेलं असतं. उठायची घंटा, जेवायची घंटा, झोपायची घंटा. सुरक्षिततेसाठी त्याला एकट्याला बाहेर सोडत नाहीत आणि त्यात गैर काही नाही. पण त्याचा परिणाम असा की आठवडी बाजारात भाव करून भाजी घेणं, महिन्याचे पैसे महिनाभर पुरवणं, बँकेतला फॉर्म भरणं, ताप आल्यावर दवाखान्यात एकट्यानं जाऊन केस पेपर काढणं, यांतलं काहीच त्यानं केलेलं नसतं. अठराव्या वाढदिवसानंतर ते सगळं एकदम त्याच्यावर कोसळतं. खोलीसाठी डिपॉझिट लागतं, ते कुणाकडून आणायचं? कायमचा पत्ता या रकान्यात काय लिहायचं? बालगृहाचा पत्ता लिहिला तर घरमालक खोली देईल का? अनाथ असल्याचं प्रमाणपत्र विभागीय पातळीवरून मिळतं. वाशिमच्या मुलासाठी ते अमरावती. एखादा कागद कमी पडला तर त्या वाऱ्या करायला गाडीभाडं कुणी द्यायचं? या दोन पोरांना एका ओळीत उभं करून "त्याला जमतं, मग याला का नाही?" असं विचारणं क्रूर आहे. विचारणाऱ्याला ते कळत नसलं, तरीही क्रूर आहे.

हे माझं एकट्याचं निरीक्षण नाही. महाराष्ट्रासह पाच राज्यांत संस्थांमधून बाहेर पडलेल्या ४३५ तरुणांशी बोलून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २७ टक्के तरुणांना अनुरक्षणाची कसलीही मदत मिळालेली नव्हती. आणि हे अभ्यास करणाऱ्यांना सापडलेले तरुण होते. ज्यांचा ठावठिकाणाच उरला नाही, त्यांची मोजदाद अशा अभ्यासात होत नसते.

मदतीनं मुलं आळशी होतात, या म्हणण्यावर फार वेळ घालवायची माझी इच्छा नाही. वाशिममध्ये, कारंज्यात अशी कितीतरी घरं आहेत जिथून पुण्याला अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला दरमहा आठ-दहा हजार रुपये जातात. तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत जातात, कधी त्यासाठी वावर गहाण पडतं. त्या मुलाला आळशी कुणी म्हणत नाही, त्याच्या जिद्दीचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. मग पोरक्या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत चार हजार मिळाले तर त्याचं चारित्र्य बिघडेल, असं आपण कशाच्या आधारावर ठरवलं? आपल्या मुलाबद्दल जो विश्वास वाटतो तो त्याच्याबद्दल का वाटत नाही?

मुलींचं लग्न लावून देण्याचा उपाय सुचवणाऱ्यांचा हेतू मला कळतो. मांडव सजतो, अधिकारी आणि पुढारी कन्यादानाला उभे राहतात, सगळ्यांचे डोळे भरून येतात. मुलीनं स्वतः निवडलेलं लग्न असेल तर माझेही भरून येतील. पण कायद्यानं मुलगी अठराव्या वर्षी लग्नाला पात्र होते आणि त्याच दिवशी बालगृहातलं तिचं छत्र जातं. एकीकडे रस्ता आणि दुसरीकडे बोहलं असेल, तर तिच्या होकाराला किती अर्थ उरतो? आणि लग्नानंतर? आपल्याकडे सासरी त्रास झाला तर लेक माहेरी येते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. भाऊबीजेला भाऊ न्यायला येतो. नवरा आणि सासू हात उचलताना विचार करतात, तो तिच्यामागे माणसं आहेत म्हणून. जिच्यामागे कुणीच नाही हे सासरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्या मुलीला आधी शिकू द्या, हातात काम येऊ द्या, भाड्याच्या का होईना पण स्वतःच्या खोलीचं कुलूप उघडू द्या. मग तिनं हवं तेव्हा आणि हवं त्याच्याशी लग्न करावं. लग्नाला पुनर्वसन समजून फाईल बंद करणाऱ्या व्यवस्थेनं निदान त्या मुलीकडे पुढची पाच वर्षं नियमानं जाऊन चौकशी करावी. ती करणार आहे का?

एक टक्का आरक्षणाचा मुद्दा तर आरक्षण कुठून आलं, हे विसरून मांडला जातो. अमृता करवंदे गोव्यातल्या एका संस्थेत वाढल्या. अठरा पूर्ण झाल्यावर त्या पुण्याला आल्या आणि पहिली रात्र त्यांनी रेल्वे स्थानकावर काढली. मिळेल ते काम करत शिकल्या, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसल्या. खुल्या गटाच्या कटऑफपर्यंत त्यांचे गुण पोचले नाहीत, आणि अनाथांसाठी वेगळा प्रवर्गच नव्हता. त्यांनी मुख्यमंत्र्यांची भेट घेतली, लढा दिला, आणि जानेवारी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय घेतला. पुढे २०२१ आणि २०२३ च्या शासन निर्णयांनी त्यात दुरुस्त्या झाल्या. ही मोठी कमाई आहे आणि तिचं श्रेय या तरुणीच्या हिमतीला आहे. पण स्थानकावरची ती रात्र आरक्षणानं टळणार नव्हती, टळणारही नाही. पदवीच्या पदांवरचं आरक्षण पदवीपर्यंत पोचलेल्याच्या कामाला येतं. अठरा ते एकवीस या तीन वर्षांत जो हॉटेलात भांडी घासायला लागला, ज्यानं पहिल्या वर्षालाच कॉलेज सोडलं, त्याला त्या एका टक्क्याचा उपयोग काय? फी माफीचंही तेच. २०२४ च्या जुलैमध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीमाफीत अनाथ मुलामुलींनाही घेतलं, हे चांगलंच झालं. कॉलेजची फी शून्य झाली, पण मेसचं बिल आणि खोलीचं भाडं शून्य झालेलं नाही. रात्री झोपायला जागा नसलेला मुलगा सकाळच्या तासाला कसा बसेल?

उरल्या देवमाणसांच्या संस्था. हा युक्तिवाद ऐकताना मला सर्वांत जास्त त्रास होतो, कारण ज्यांची नावं त्यात घेतली जातात त्यांनी आयुष्यभर नेमकं उलटं सांगितलं आहे.

अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर दिव्यांग, बेवारस मुलांना सांभाळतात. शंभराहून अधिक मुलांना त्यांनी स्वतःचं नाव दिलं. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली दृष्टिहीन मुलगी त्यांच्याकडे आली, माला पापळकर झाली, आणि २०२४ मध्येच लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. महाराष्ट्रभर तिचं कौतुक झालं. त्या कौतुकात एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही: तेव्हा तिनं पंचविशी ओलांडली होती. अठराव्या वर्षी वझ्झरचं दार तिच्यासाठी बंद झालं असतं, तर ही परीक्षा कुणी दिली असती? ते दार बंद झालं नाही, कारण शंकरबाबांनी ते बंद करायला नकार दिला. अनाथ दिव्यांग मुलांना अठरानंतर संस्थेबाहेर काढू नये, असा कायदा करा, ही मागणी घेऊन ते वर्षानुवर्षं शासनाचे उंबरे झिजवत आले आहेत. म्हणजे ज्या माणसाकडे बोट दाखवून आपण म्हणतो की कायद्याची गरज नाही, तो माणूसच कायदा मागतो आहे.

चिखलदऱ्यापासून काम सुरू करणाऱ्या सिंधुताई सपकाळांची मुलंही शिक्षण, नोकरी, लग्न होईपर्यंत त्यांचीच राहिली. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावला रवी बापटले यांच्या सेवालयात एचआयव्हीसह जगणारी मुलं वाढली आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्यांनी जायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांच्यासाठी तिथेच वेगळं गाव वसवावं लागलं. आणखी मागे गेलं तर १८६३ चं पुण्यातलं बालहत्या प्रतिबंधक गृह आहे. तिथे जन्मलेल्या यशवंतला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा तो पोरसवदा होता. सावित्रीबाईंनी त्याला पुढे शिकू दिलं, तो डॉक्टर झाला, प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करत राहिला. ज्यांनी ज्यांनी परक्याचं मूल आपलं म्हणून खरोखर वाढवलं, त्यांच्यापैकी एकालाही अठरा ही मर्यादा मान्य झालेली दिसत नाही. अनुभवानं शहाण्या झालेल्या या सगळ्या माणसांची साक्ष एका बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला फक्त आपली सोय आहे.

आणि शंकरबाबा आता ऐंशी ओलांडून गेले आहेत. सिंधुताई २०२२ मध्ये गेल्या. एका माणसाच्या हयातीवर मुलांचं भविष्य टांगून ठेवायचं आणि त्याला व्यवस्था म्हणायचं, हे किती दिवस चालवणार? वाशिमच्या मुलाचं नशीब वझ्झरपर्यंत पोचलं तर तो माणसात येणार, नाहीतर नाही, अशी गत आहे.

शेवटचा बचाव पैशाचा. तोही हिशेबानं पाहू. समजा आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी पंधरा तरुण संस्थांमधून बाहेर पडतात. तीन वर्षांचे मिळून एका वेळी पंचेचाळीस झाले. दरमहा चार हजारांप्रमाणे वर्षाला २१ लाख ६० हजार रुपये होतात, आणि मिशन वात्सल्यमध्ये त्यातला ६० टक्के वाटा केंद्राचा असतो. जिल्ह्यात रिसोड, वाशिम, कारंजा असे तीन विधानसभा मतदारसंघ आहेत. प्रत्येक आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, म्हणजे तिघांचे पंधरा कोटी. तो निधी बांधकामांसाठी असतो, त्यातून विद्यावेतन द्या असं माझं म्हणणं नाही. पण पंधरा कोटींची सभागृहं आणि रस्ते ज्या जिल्ह्यात उभे राहतात, तिथे त्याच्या दीड टक्क्याहून कमी रक्कम पोरक्या तरुणांसाठी जड जाते, असं कुणी म्हणू नये. उलट चार हजार अपुरे आहेत. पुण्यात कॉट बेसिसवर जागा आणि मेस यांतच ते संपतात, बसचा पास आणि पुस्तकं उरतातच. राज्य शासनानं त्यात भर घालायला हवी. इंग्लंडमध्ये अशा तरुणांना पंचविसाव्या वर्षापर्यंत स्वतःचा सल्लागार मागता येतो. आपण तेविसाव्यापर्यंत चार हजारही नीट पोचवायचे नाहीत का?

आणखी एक गट आहे, ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून ज्यांना दरमहा २,२५० रुपये मिळतात, ती मुलं संस्थेत नसतात. ती विधवा आईजवळ, आजीजवळ, मामाकडे राहतात. अठरा पूर्ण झाली की त्यांचेही पैसे थांबतात, मग मूल बारावीच्या परीक्षेला बसलेलं असो की नसो. अनुरक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्यांसाठी असल्यानं त्यातही ती बसत नाहीत. शेतकरी आत्महत्यांच्या आणि ऊसतोडीच्या या जिल्ह्यात अशी घरं गावोगावी आहेत. राज्यानं त्यांच्यासाठी ही रक्कम निदान शिक्षण पूर्ण होईपर्यंत, एकविसाव्या वर्षाची अट घालून, चालू ठेवावी.

प्रशासन म्हणतं, मुलं बाहेर पडल्यावर सापडत नाहीत. अतिवृष्टी कधी येईल हे सांगता येत नाही, हे मान्य. पण मुलाचा अठरावा वाढदिवस कधी येणार हे तो दाखल होतो त्या पहिल्याच दिवशी फाईलवर लिहिलेलं असतं. दोन महिने आधी आराखडा करण्याचा नियम पुरेसा नाही. सोळाव्या वर्षापासून मुलाला बाजार, बँक, बस, दवाखाना यांची सवय लावावी, आधार, अधिवास आणि अनाथ प्रमाणपत्र वाढदिवसाआधी त्याच्या हातात असावं. वाशिम शहरात आयटीआय आणि महाविद्यालयांच्या जवळ मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी सहा ते आठ जणांची दोन घरं भाड्यानं घ्यावीत. नियमात ती आहेतच. संस्था सोडलेल्या प्रत्येकासाठी एक माणूस नेमावा, ज्याचा फोन रात्री अकरालाही लागेल.

२०१८ पासून वाशिम हा आकांक्षित जिल्हा आहे. आरोग्याचे, शिक्षणाचे, पाण्याचे आकडे इथून दर महिन्याला दिल्लीला जातात. २०२१ च्या दुरुस्तीनं बाल न्याय कायद्याखालच्या यंत्रणेवर देखरेख ठेवण्याचे अधिकारही जिल्हाधिकाऱ्यांकडे आले आहेत. पुढच्या जूनपर्यंत अठरा पूर्ण करणाऱ्या मुलामुलींची नावं जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या दप्तरात आज आहेत. त्यांतल्या प्रत्येकाच्या अनुरक्षणाचा आदेश कोणत्या तारखेला निघणार, तो किंवा ती राहणार कुठे, शिकणार काय, आणि पहिले चार हजार कोणत्या महिन्यात खात्यात जमा होणार, हे जिल्हाधिकाऱ्यांनी नावनिशीवार कागदावर मांडावं आणि पहिल्या वाढदिवसाच्या आधी त्यावर सही करावी.